मूत्रपिंडदात्याच्या वृक्कवाहिन्यांचे चित्रण : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

मूत्रपिंडदान करू इच्छिणारी व्यक्ती आपल्या चिकित्सालयात क्वचितच येते. परंतु येते तेव्हा तिच्यासोबत कागदांची जाड पिशवी आणि तितकेच प्रश्न असतात. शहरातील रुग्णालयात तिचे रक्त, मूत्र, हृदय, फुप्फुसे सर्व तपासून झालेले असते आणि आता 'किडनीच्या शिरांचा सी.टी. स्कॅन' करून आणण्यास सांगितलेले असते. "मला काही आजार नाही, मग हे इंजेक्शन कशासाठी?" हा प्रश्न ती तेथे विचारत नाही, गावी परतल्यावर आपणांस विचारते. औषधालयाच्या काउंटरवरील आपल्या व्यवसायबंधूंनाही तो विचारला जातो. त्याचे उत्तर नीट देता यावे एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. हे शल्यकर्म आपण करीत नाही, चित्रणही आपण करीत नाही. मात्र त्या चित्रणाचा अर्थ घरची माणसे आपल्याकडून समजावून घेतात व त्यावरून निर्णय करतात. हे आम्ही अनुभवाने सांगतो, आणि तो अनुभव आमच्या चुकीचा आहे.

२००६ साली आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका घरातील ५४ वर्षांच्या बाई आपल्या २९ वर्षांच्या मुलास मूत्रपिंड देण्यास सिद्ध झाल्या होत्या. मुलाचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू होते. बाईंच्या अहवालात असे होते : डाव्या मूत्रपिंडास दोन धमन्या, उजव्यास एक, उजव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा एक खडा, इतर दोष नाही. रुग्णालयाने उजवे मूत्रपिंड काढण्याचे ठरविले होते. बाई म्हणाल्या, "वैद्यबुवा, लेकराला खडा असलेली किडनी कशी देऊ? चांगली डावी आहे की." आम्हांसही ते पटले. दोन धमन्या म्हणजे रक्तपुरवठा अधिक, तेव्हा डावे मूत्रपिंड सरस. आणि खडा तर पाषाणभेदाच्या क्वाथाने दोन महिन्यांत पाहून घेऊ, असे आम्ही सांगून टाकले. घरच्यांनी शस्त्रकर्माची तारीख पुढे ढकलली. सातव्या आठवड्यात मुलाच्या फुप्फुसांत पाणी साचून त्याला रात्री अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तो वाचला. पुढे आम्ही स्वतः कुटुंबासमवेत रुग्णालयात गेलो. तेथील शल्यचिकित्सकांनी फिल्म प्रकाशपेटीवर लावून अर्धा तास आम्हांस समजावून दिले. आमचा सल्ला कोणी दिला होता हे त्यांना ठाऊक असूनही त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. त्या अर्ध्या तासात जे कळले व पुढे वाचनाने जे वाढविले, ते येथे मांडीत आहोत.

शारीर विचार

वृक्कांची गणना चरकाचार्यांनी कोष्ठांगांत केली आहे. सुश्रुताचार्य त्यांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून सांगतात, आणि दोन्ही संहितांत वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे मूल मानले आहे, मूत्रवह स्रोतसाचे नव्हे. 'वृक्कधमनी', 'वृक्कसिरा' या संज्ञा आधुनिक शारीरातून आपल्या पाठ्यपुस्तकांत आल्या. तेव्हा संहितेत हे सर्व आधीच होते असा दावा करण्याची आवश्यकता नाही. मात्र एक गोष्ट कुतूहलाची वाटते. चित्रणकक्षात बसले असता क्ष-किरणतज्ज्ञ सांगतात की वृक्काभोवती बेताचा मेद असलेल्या व्यक्तीच्या वाहिन्या सुस्पष्ट दिसतात, कारण काळ्या दिसणाऱ्या मेदाच्या पार्श्वभूमीवर त्या उठून दिसतात. अतिकृश व्यक्तीत त्या शेजारच्या मांसात मिसळल्यासारख्या वाटतात. वृक्क व मेद यांचे सान्निध्य असे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडते.

औदर्या महाधमनीपासून पहिल्या-दुसऱ्या कटिकशेरुकेच्या पातळीवर दोन वृक्कधमन्या दोन बाजूंस निघतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटास साधारण एक लिटरभर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त, या दोन वाहिन्यांतून जाते. हे पाठ्यपुस्तकातील चित्र झाले. प्रत्यक्षात शंभरांपैकी पंचवीस ते तीस व्यक्तींमध्ये निदान एका बाजूस तरी एकाहून अधिक धमन्या असतात. याचे कारण गर्भावस्थेत आहे. गर्भाचे वृक्क प्रथम श्रोणिभागात असतात व वर सरकत जातात. सरकताना प्रत्येक टप्प्यावर ते जवळच्या मोठ्या धमनीतून नवी शाखा घेतात आणि खालची जुनी शाखा लोपते. एखादी लोपावयाची राहिली, की ती अतिरिक्त धमनी होऊन आयुष्यभर राहते. तो रोग नव्हे, तसेच ते अधिक बलाचे लक्षणही नव्हे.

आमची चूक नेमकी येथे झाली. वृक्काच्या धमन्या अंत्यधमन्या असतात. प्रत्येक शाखा आपापल्या हिश्श्याला रक्त देते. एक बंद पडली तर शेजारची तिची उणीव भरून काढीत नाही. म्हणजे दोन धमन्या असलेल्या वृक्कात रक्त दुप्पट नसते, तेच रक्त दोन वाटांनी विभागलेले असते. असे वृक्क दुसऱ्याच्या शरीरात बसविताना दोन्ही वाटा जोडाव्या लागतात. जोडणीस वेळ अधिक लागतो, तितका वेळ वृक्क रक्ताविना राहते, आणि जोड जितके अधिक तितकी गुठळीची व चुण्या पडण्याची शक्यता अधिक. वरच्या टोकास जाणारी दोन मिलिमीटरहून बारीक धमनी प्रसंगी सोडून देता येते. तेवढा तुकडा निकामी होतो व शरीर ते सोसते. खालच्या टोकाची धमनी मात्र बारीक असली तरी सोडता येत नाही, कारण गवीनीच्या वरच्या भागाचे पोषण पुष्कळदा तिच्यातूनच होते. ती गेली तर गवीनी कुजून मूत्र उदरात झिरपू लागते. आमच्या बाईंच्या डाव्या बाजूची दुसरी धमनी खालच्या टोकाचीच होती.

सिरांचेही असेच आहे. डावी वृक्कसिरा महाधमनीच्या पुढून आडवी जाऊन अधरा महासिरेस मिळते व सहा ते दहा सेंटिमीटर लांब असते. उजवी जेमतेम दोन ते चार सेंटिमीटर. लांब सिरा जोडण्यास सोयीची, म्हणून इतर सर्व समान असल्यास शल्यचिकित्सक डावे वृक्क पसंत करतात. परंतु डाव्या सिरेत अधिवृक्क ग्रंथीची सिरा, बीजग्रंथीची सिरा आणि बहुधा एखादी कटिसिरा येऊन मिळते. ही कटिसिरा मागच्या बाजूस लपलेली असते. नकळत फाटली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. काही व्यक्तींत डावी सिरा महाधमनीच्या पुढून न जाता मागून जाते, काहींत दुभंगून धमनीस कड्यासारखा वेढा घालते. उदर उघडण्यापूर्वी हे सर्व ठाऊक असणे म्हणजे अर्धे शस्त्रकर्म.

चित्रणाच्या पद्धती : पूर्वी व आता

जिवंत दात्याकडून यशस्वी मूत्रपिंडरोपण प्रथम १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केले. दाता व ग्राही हे जुळे भाऊ होते. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली ते यशस्वी झाले. पुढील कित्येक दशके दात्याच्या वाहिन्या पाहण्याचा मार्ग एकच होता : जांघेतील धमनीत सुई घालून तिच्यातून बारीक नळी महाधमनीपर्यंत सरकवायची, रंजकद्रव्य सोडायचे व क्ष-किरण चित्रे घ्यायची. ही रीत स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. धमन्या त्यात उत्तम दिसत. सिरा नीट दिसत नसत. गवीनी व खडे यांसाठी वेगळी तपासणी लागे. शिवाय नंतर कित्येक तास पाय न हलविता पडून राहावे लागे आणि क्वचित सुईच्या जागी रक्त साकळे किंवा धमनीस इजा होई. निरोगी माणसाला केवळ दुसऱ्यासाठी एवढे सोसावयास लावणे, ही गोष्ट चिकित्सकांनाही खुपत असे.

नव्वदीच्या दशकात सर्पिल सी.टी. आणि १९९८ पासून एकाच फेऱ्यात अनेक काप घेणारी यंत्रे आली, तेव्हा चित्र पालटले. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, बाल्टिमोर येथे दुर्बिणीतून दात्याचे मूत्रपिंड काढण्याचे पहिले शस्त्रकर्म झाले. या दोन घटना एकमेकींस पूरक ठरल्या. उदर उघडून शस्त्रकर्म करणारा शल्यचिकित्सक बोटांनी चाचपून धमनी ओळखतो. दुर्बिणीतून पाहणाऱ्यास ती सोय नाही, त्याला नकाशा आधी हातात हवा. आज बहुतेक ठिकाणी हा नकाशा सी.टी. अँजिओग्राफीनेच मिळतो.

चुंबकीय अनुनादावर आधारलेली एम.आर. अँजिओग्राफी हा दुसरा पर्याय. तिच्यात क्ष-किरण नाहीत, ही मोठी सोय. तरुण दात्यासाठी किंवा आयोडीनयुक्त रंजकास पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांसाठी ती निवडली जाते. परंतु अतिबारीक धमन्या व लहान खडे यांबाबत ती सी.टी.इतकी विश्वसनीय नाही. तिच्यातील गॅडोलिनियमयुक्त द्रव्यामुळे त्वचा व अंतरंग काठिण्य पावणारा एक विकार होऊ शकतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. तो विकार मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचा. निरोगी दात्यास त्याचे भय नसल्यासारखेच. घरी रोग्याला सांगितलेली सावधगिरी दात्यालाही लागू आहे असा गैरसमज मात्र वारंवार आढळतो. डॉप्लर सोनोग्राफी प्राथमिक तपासणीस उपयुक्त आहे. वाहिन्यांच्या नकाशासाठी ती पुरेशी नाही.

तपासणीच्या दिवशी काय घडते

प्रथम रक्तातील क्रिएटिनिन पाहिलेले असते. दात्यास काही तास अन्न न घेता बोलावतात. पाणी कितपत प्यावे याची सूचना केंद्रागणिक वेगळी असते, ती तंतोतंत पाळावी. कोपराच्या पुढील सिरेत जाड सुई बसवून यंत्राच्या पिचकारीने सेकंदास तीन ते पाच मिलिलिटर या वेगाने साधारण ८० ते १२० मिलिलिटर रंजक सोडतात. सर्वांगातून उष्ण लाट गेल्याचे जाणवते, तोंडास धातूसारखी चव येते, काहींना मूत्रविसर्जन झाल्याचा भास होतो. हे आधी सांगितलेले असले की माणूस घाबरत नाही, हलत नाही व श्वास रोखून स्थिर राहतो. साऱ्या चित्राची स्पष्टता त्या काही सेकंदांच्या श्वासरोधावर अवलंबून असते. आमच्याकडे येणाऱ्या दात्यांना आम्ही पंधरा-वीस सेकंद श्वास रोखण्याचा सराव चार दिवस आधीपासून करावयास सांगतो. प्राणायामाची सवय असलेल्यांना तो जड जात नाही.

रंजक आत गेल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी धमन्या उजळतात, त्यामागोमाग सिरा व वृक्काचा मगज, आणि काही मिनिटांनी गवीनी. म्हणून चित्रे टप्प्याटप्प्याने घेतात. प्रत्येक टप्प्यागणिक क्ष-किरणांची मात्रा वाढत असल्याने अनुभवी तज्ज्ञ टप्पे शक्य तितके कमी ठेवतात. रंजक घालण्यापूर्वीच्या कापांत खडे दिसतात. अहवालासोबत येणारे रंगीत त्रिमितीय चित्र घरच्यांना फार आवडते. तो सोयीचा देखावा आहे. ते तयार करताना बारीक धमनी गाळली जाऊ शकते. शल्यचिकित्सक निर्णय करतो तो मिलिमीटरभर जाडीच्या करड्या कापांवरून. तेव्हा केवळ रंगीत चित्र पाहून मत देऊ नये.

दात्यास मासे खाऊन पित्त उठत असेल तर 'आयोडीनची अ‍ॅलर्जी' म्हणून तपासणी नको, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. यास आधार नाही. पूर्वी अशाच रंजकाची प्रतिक्रिया आली होती काय, दमा आहे काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. प्रतिक्रिया बहुधा लगेच, चित्रणकक्षातच दिसते. पण त्वचेवरील उद्वर्त काही तासांनी किंवा काही दिवसांनीही उठू शकतात. असा दाता दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आल्यास केवळ शीतपित्त समजून सूतशेखर देऊन परत पाठवू नये, रुग्णालयास कळवावे. सुईच्या जागी रंजक बाहेर पडून दंड सुजला असल्यास हात उंच ठेवून थंड शेक द्यावा, लेप लावून झाकू नये, आणि फोड, तीव्र वेदना किंवा बोटांत बधिरता असल्यास त्वरित परत पाठवावे.

निर्णय कोणाच्या हिताने

वाहिन्यांची संख्या, महाधमनीपासून दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच धमनी फुटते काय, सिरेचा मार्ग, दोन्ही वृक्कांचे आकारमान, खडे, गाठी, अधिवृक्क ग्रंथी हे सर्व अहवालात असते. धमनीच्या भिंतीत मणी ओवल्यासारखे फुगवटे दिसल्यास तो तंतुमय विकार असू शकतो. अशा व्यक्तीस तोपर्यंत काहीही लक्षण नसते. दान थांबते, पण त्या व्यक्तीचा रक्तदाब पुढे वाढू शकतो हे वेळीच कळते. दानासाठी गेलेल्या माणसाला स्वतःचाच विकार हाती घेऊन परतताना आम्ही पाहिले आहे, आणि अशा वेळी त्याला 'नापास' म्हणणारे नातेवाईकही पाहिले आहेत.

कोणते मूत्रपिंड घ्यावे याचा मूळ नियम एकच आहे : दोहोंत अधिक चांगले ते दात्याकडे राहिले पाहिजे. दोन्ही वृक्कांच्या कार्यात लक्षणीय अंतर असेल, किंवा एकात लहानसा दोष असेल, तर उणे असलेले काढतात. बाईंच्या बाबतीत उजव्यातील खडा त्याच्यासोबत जाणार होता व आयुष्यभर एकाच वृक्कावर जगणाऱ्या त्या माऊलीजवळ निर्मळ वृक्क राहणार होते. मुलाच्या दृष्टीने तो एकुलता बारीक खडा रोपणात अडथळा नव्हता. एकच धमनी ही मोठी जमेची बाजू होती. आम्ही मात्र ग्राही रुग्णाचेच हित पाहिले, कारण घरातील सर्वांप्रमाणे आमचेही लक्ष त्या आजारी मुलाकडे होते. बाईंना स्वतःसाठी काय हवे हे आम्ही विचारलेच नव्हते.

आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रिया अधिक आहेत. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा व त्यातील २०११ ची सुधारणा दात्याच्या स्वेच्छेवर भर देतात. पण स्वेच्छा आहे किंवा नाही हे कुटुंबाचा वैद्य कधीकधी समितीहूनही लवकर ओळखू शकतो. म्हणून आम्ही आता दात्याशी निदान एकदा एकांतात बोलतो.

आपल्या औषधांविषयी

येथे काही गोष्टी स्पष्ट लिहिणे भाग आहे. तपासणीपूर्वीच्या आठवड्यात वमन, विरेचन, दीर्घ लंघन करवू नये. शुष्क शरीरात रंजक जाणे हितावह नाही. अंगदुखीसाठी काउंटरवरून सर्रास दिल्या जाणाऱ्या आधुनिक वेदनाशामक गोळ्या त्या काळात देऊ नयेत. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम उतरते; दात्याची पात्रता रक्तदाबावर ठरत असताना त्याच्या खोकल्याच्या चाटणात यष्टिमधु आहे हे रुग्णालयास ठाऊक असले पाहिजे. धातुघटित कल्प आतड्यात असताना क्ष-किरणांत पांढरे कण म्हणून दिसू शकतात, तेव्हा ते चालू असल्यास तसे सांगावे.

सापसंद (ईश्वरी) व कीडामारी या अ‍ॅरिस्टोलोकिया कुलातील वनस्पती दात्यास कोणत्याही कारणाने देऊ नयेत. याच कुलातील चिनी वनस्पती मिसळलेल्या, कृश होण्याच्या औषधाने ब्रुसेल्स येथील अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्यापैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही आढळला. पारदयुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्यांत मूत्रातून प्रथिने जाण्याचा विकार दक्षिण भारतातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत नोंदविला आहे व औषध थांबविल्यावर अनेकांत तो ओसरल्याचेही लिहिले आहे. यावर आपल्यात मतभेद आहेत हे आम्ही जाणतो. तथापि दात्याच्या मूत्रात प्रथिने सापडली व त्याने घेतलेला रसकल्प आपण लपविला, तर चुकीचे निदान त्याच्या माथी बसते. कल्पाचे नाव, मात्रा व कालावधी कागदावर लिहून द्यावा. विक्रेत्यांनीही बिलावर नाव पूर्ण लिहावे.

बाईंचे शस्त्रकर्म त्याच वर्षी पार पडले. उजवे मूत्रपिंड मुलास बसले व दुसऱ्या दिवसापासून मूत्र येऊ लागले. बाई दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन व मूत्रातील प्रथिने तपासून अहवाल घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्या केसपेपरवर पहिल्या पानाच्या माथ्यावर तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे : एकच वृक्क, डावे, धमन्या दोन, वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. औषधालयातील आमच्या मदतनिसालाही ते वाचून दाखविले आहे.